मनकर्णा बसली तो दिवस

पिपळतळ्याच्या मनकर्णेला बसलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. जेवायची तीही उकिडवी, घास तोंडात आणि डोळे दाराबाहेर. पायाला भिंगरी असते म्हणतात. हिच्या अख्ख्या अंगाला होती. लहानपणी तिची आई शेजारणींना सांगायची, "या पोरीले देवानं सारं देल्लं, बूडच द्याचं विसरला." लग्नात हळद लावताना चार बायकांनी खांदे दाबून तिला पाटावर ठेवली होती. आणि नवरा मिळाला तो नत्थूजी. हा माणूस असा थंड, की अंगावर मुंगी चढली तर तिला उतरायला वेळ देईल. गावातली माणसं म्हणायची, दोघांना एका भांड्यात ढवळलं असतं तर दोन बरी माणसं निघाली असती.

पण हीच जोडी तळ्यात उतरली की पाहत राहावं. पिपळतळा म्हणजे पारशिवनीच्या अलीकडचं लहान गाव, आणि गावापेक्षा तळं मोठं. मालगुजारांच्या काळातलं जुनं तळं, मोठी पाळ, पाळीवर चिंचेची झाडं. तिथल्या मासेमार ढिवरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यात शिंगाडा लावला. ग्रामपंचायत दरसाल तळं लिलावात काढायची, आणि दरसाल ते नत्थूजीच्याच घरात यायचं. मिरगानंतर वेल सोडायचे, उन्हाळ्यात माजलेलं पाणकणीस विळ्यानं कापून पाणी मोकळं करायचं, आणि नवरात्रापासून तोडणी. नत्थूजी डोंग्यात मागं उभा राहून बांबू रेटायचा, मनकर्णा पुढं ओणवी होऊन पानं उलटी करायची आणि खालचा शिंगाडा खुडायची. शिंगाड्याला काटे असतात. तिची बोटं कार्तिकापर्यंत काळी पडलेली आणि भेगाळलेली असायची, पण थांबायची नाहीत.

आता शिंगाडा माणसालाच आवडतो असं थोडंच आहे? जांभळी पाणकोंबडी नावाचं एक पाखरू आहे, लाल चोचीचं, कोंबडीएवढं. ते वेलाचा कोवळा देठ कचकन तोडतं, थोडा खातं आणि बाकीचा टाकून पुढं जातं. खाल्लेल्याचं दुःख नाही, टाकलेल्याचं आहे, असं मनकर्णा म्हणायची. शिवाय पानांवरून टाचा उचलत चालणारे कमळपक्षी, आणि हिवाळा जवळ आला की थव्यानं उतरणाऱ्या अडया, म्हणजे शीळ घालणारी बदकं. या सगळ्यांवर मनकर्णेचा एकच उपाय, पिपा. तेलाचा रिकामा चौकोनी पिपा डाव्या काखेत, उजव्या हातात चिंचेचं दांडकं. पहाट फुटली की "हाऽऽ हूऽऽ, मरा कुठं तिकडं!" असा आवाज आणि धडाधड पिपा. गावातल्या सुना त्या आवाजावर चुली पेटवायच्या. पाखरं इकडून उठली की मनकर्णा तिकडं वळायची, तिकडून उठली की पलीकडं. उठलेली पाखरं कुठं गेली हे पाहायला ती कधी थांबली नाही. तेवढा दम कोणाला होता?

या तळ्यावर दरसाल कोजागिरीनंतरच्या रविवारी नागपूरहून गोपाळराव यायचे. तिथल्या महाल भागात राहणारे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे, उंच आणि वाकलेले. सोबत चार-सहा कॉलेजची पोरं-पोरी, गळ्यात दुर्बिणी. पाळीवरून तळ्याला चक्कर मारत पाखरं मोजायची आणि संध्याकाळी निघून जायचं, एवढंच त्यांचं काम. पहिल्या वर्षी गावाला ही गंमतच वाटली. "लोकाईची पाखरं मोजून याले काय भेटते गा?" असं सगळे एकमेकांना विचारत. पण माणूस सरळ. महालातला चिवडा घेऊन यायचा, मनकर्णेच्या हातचे उकडलेले शिंगाडे ओट्यावर बसून खायचा, आणि जाताना एकच मागणं मागायचा, "पुढच्या वर्षीही तेवढी एक सकाळ पिपा बंद ठेवा, मनकर्णाबाई." नत्थूजी मान हलवायचा. त्या सकाळी तो पिपा घरात कोठीमागं लपवून ठेवायचा, आणि मनकर्णा दिवसभर भांडी आपटत राहायची.

असं चाललं होतं. बिघडलं ते ब्याऐंशी साली.

त्या वर्षी गोपाळरावांच्या अगोदर चार दिवस जंगल खात्याची जीप आली. ओमप्रकाश नावाचे रेंजरसाहेब उतरले, पाळीवर फिरले, सरपंचांशी बोलले, आणि गावात बातमी पसरली. यंदाची मोजणी नुसती हौसेची नाही. पाखरं भरपूर निघाली तर तळं पाखरांसाठी राखीव होणार. शिंगाडा बंद, मासोळी बंद, डोंगा काठावर उपडा.

मनकर्णेच्या हातातलं दांडकं खाली पडलं. पेंचच्या धरणात ज्यांची गावं गेली ती माणसं तिनं पारशिवनीच्या बाजारात पाहिली होती. घर होतं, वावर होतं, आता काही नाही म्हणत फिरणारी. त्यातली एक बाई तिच्याकडून शिंगाडे घेताना नुसतं पाण्याबद्दल बोलत राहिली होती. तिला ती आठवली.

ती सरळ रेंजरसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "कमी निघाले तं काय होते साहेब?"

"कम निकले तो कुछ नहीं, बाई. तालाब जैसा है वैसा ही रहेगा," साहेब म्हणाले.

झालं. मनकर्णेच्या डोक्यात तेवढंच बसलं. कमी निघाले पाहिजेत.

शनिवारी संध्याकाळी गोपाळराव पोरांसह शाळेत मुक्कामाला आले. नत्थूजीनं नेहमीसारखी मान हलवली, "हो जी मास्तर, पिपा नाही वाजणार," आणि पिपा कोठीमागं ठेवून झोपी गेला. मनकर्णा झोपली नाही. तिचा विचार साधा होता. मास्तर उठायच्या आत पाखरं तळ्यावरून हाकलायची. गेली तर जातील कुठंही, खिंडशीला जातील, रामटेकला जातील, आपल्याला काय? मास्तर येतील, रिकामं पाणी मोजतील आणि चिवडा देऊन जातील. नवऱ्यानं दिलेला शब्द आहे, हे तिला ठाऊक होतं. पण शब्द खाऊन पोट भरत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि कोंबडं आरवायच्या आधी पिपा काखेत मारून निघाली.

डोंगा एकटीनं रेटत ती थेट तळ्याच्या मधोमध गेली. अंधार पातळ होत होता. आणि मग तिनं पिपा वाजवायला सुरुवात केली. अगं बाई, काय वाजवला! एरवी ती एका कोपऱ्यातून पाखरं उठवायची. त्या दिवशी तिनं मधल्या पाण्यातून चारी बाजूंना आवाज टाकला. पाणकणसातून, शिंगाड्याच्या पानांतून, पलीकडच्या बाभळींखालून, सगळीकडून एकदम फडफडाट उठला. ती ओरडत होती, डोंगा फिरवत होती, दांडकं मारत होती. खांदा भरून आला तेव्हा कुठं थांबली आणि श्वास घ्यायला तोंड वर केलं.

आणि तिथंच तिचा घात झाला.

पाखरं गेलीच नव्हती. जन्मभर तिनं ती उठवली, पण उठल्यावर ती करतात काय हे कधी पाहिलं नव्हतं. अडया जात नाहीत. त्या तळ्यावर फेऱ्या घालतात, शीळ घालत, पुन्हा खाली बसायला जागा पाहत. सगळं आभाळ भरून त्या फिरत होत्या, त्यांच्यावर चक्रवाकांच्या जोड्या, खाली लांब पाय लोंबत गेलेल्या जांभळ्या पाणकोंबड्या, आणि उजाडलेलं होतं. इतकी? माझ्या तळ्यात इतकी होती? राग यायला हवा होता, तो नंतर आला. आधी तिला नुसतं पाहावंसं वाटलं.

मग तिची नजर पाळीकडं गेली. पाळीवर गोपाळराव, सगळी पोरं-पोरी आणि रेंजरसाहेब उभे होते. ती मंडळी शाळेत झोपलेली नव्हतीच. पहाटेचीच येऊन चिंचेखाली दबा धरून बसली होती. आणि आता कोणी दबा धरलेला नव्हता. सगळ्यांच्या दुर्बिणी आभाळात होत्या, आणि रेंजरसाहेब भराभर लिहीत होते.

डोंगा काठाला लागला तेव्हा गोपाळराव पुढं आले. चेहरा उजळलेला, आणि तिला पाहून तो उतरला. "मनकर्णाबाई, दरवर्षी आम्हाला यातली निम्मीही दिसत नव्हती. पानांत बसलेली असतात ना. तुम्ही गप्प राहिला असता तर..."

तिला सांगायची गरज नव्हती. गप्प राहिली असती तर तळं वाचलं असतं. जन्मभर ज्या हातांनी तळं राखलं, त्याच हातांनी ते पाळीवरच्या माणसांच्या हवाली केलं होतं.

नत्थूजी तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. रात्री ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाला, "म्या शब्द देल्ला होता वं," आणि हात धुऊन उठला.

हुकूम आला. उभं पीक तोडून घ्या, पुढच्या मिरगाला वेल सोडायचे नाहीत. वर्षभर तळं मोकळं ठेवायचं, पुढच्या कोजागिरीनंतर पुन्हा मोजणी. पाखरं तेवढीच निघाली तर कायमचं राखीव, नाही तर ग्रामपंचायतीला परत. गोपाळरावांनीच ही एका वर्षाची सवलत मागून घेतली होती असं सरपंच म्हणाले. मनकर्णेला त्याचं कौतुक करायची ताकद नव्हती.

मिरग आला आणि कोरडा गेला, म्हणजे पाऊस पडला, पण यांच्यासाठी कोरडाच. ज्या घरात चिखलाचे पाय घेऊन माणसं धावायची तिथं दोघं एकमेकांची तोंडं पाहत राहिली. शेवटी आषाढात ती दोघं कोराडीला गेली, लेकीकडे. सुभद्राचा नवरा रविंद्र तिथल्या वीज कारखान्यात कोळशाच्या ट्रकवर होता. भला पोरगा, "मामी, आपलंच घर समजा," असं म्हणणारा. पण मनकर्णा लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीतली. जावयाच्या दारात पाण्याचा पेला ती तोंडाला न लावताच खाली ठेवायची. मग ती लोकांच्या इमारतींवर विटा वाहायला जाऊ लागली, आणलेल्या पैशातून आपलं पीठ वेगळं आणायची. सुभद्रा रडायची. "माय, काहून वं असं करतं?" मनकर्णा उत्तर द्यायला थांबायची नाही.

आणि ती कारखान्याच्या धुराड्याची राख! कपड्यांवर, भाकरीवर, पाण्यावर. सकाळी ओसरी झाडावी, दुपारी पुन्हा बोटं उमटावीत. मनकर्णा दिवसातून चार वेळा झाडायची. नत्थूजीला ती राख लागली. जन्मभर पाण्यावरच्या हवेत वाढलेला माणूस, पावसाळा संपता संपता दम्यानं बसल्या जागी वाकू लागला. रात्री तो खोकायचा आणि मनकर्णा अंगणात येरझारा घालायची. त्याला एकदा तरी पाण्यावर नेलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात फिरायचं. दुसऱ्या मोजणीचा दिवस जवळ येत गेला तशी तिची येरझार वाढत गेली.

कोजागिरी झाली. मोजणीच्या आदल्या दिवशी ती दोन एसट्या बदलून एकटीच पिपळतळ्याला आली, रात्र आपल्या बंद घरात काढली. कोराडीहून निघताना नत्थूजी खाटेवरून म्हणाला, "पिपा घेऊ नोको."

"नाही घेत."

"शब्द दे."

"देल्ला," ती म्हणाली. आणि या खेपेला तिनं तो मनापासून दिला.

सकाळी पाळीवर आली आणि तळं पाहून ती थबकली. वर्षभर कोणी विळा लावला नव्हता. पाणकणीस पुरुषभर वाढून काठापासून आतपर्यंत पसरलं होतं, मधे पाण्याचा एक डोळा तेवढा उघडा. आपलं न्हाऊ घातलेलं पोर कोणी महिनाभर तसंच सोडावं असं तिला वाटलं. गोपाळराव आणि त्यांची मंडळी पाळीवरून फिरत होती, पण दिसत काय होतं? आतून शीळ ऐकू यायची, चकचक, फडफड, आणि दिसायचं एखादं पाखरू. एका पोरानं टाळ्या वाजवल्या. जंगल खात्याच्या एका गार्डनं काठावरून ताट बडवून पाहिलं. पाखरं उठली नाहीत, आणखी आत सरकली.

मनकर्णेला हे सगळं समजायला फार वेळ लागला नाही. आज काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं. पाखरं दिसणार नाहीत, रेंजरसाहेब कमी लिहितील, तळं परत येईल. जगात सगळ्यांना जमतं ते एक काम, बसण्याचं, तेवढं तिला करायचं होतं.

ती चिंचेखाली बसली.

पाण्याला निघालेल्या बायका थांबल्या. "अवं, मनकर्णा बसली! सूर्य कुकडून निघाला वं आज?" हसून हसून एकीची घागर डचमळली. मनकर्णेनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली घातले होते, कारण ते बाहेर राहिले की काहीतरी करायला लागायचे. पायाची बोटं माती उकरत होती. पाठीत कळ गेली, मानेवर घाम आला. विटा वाहणं परवडलं, असं तिला वाटलं.

तिच्यासमोरच, पाळीच्या पायथ्याशी, गेल्या सालचे चार शिंगाड्याचे वेल आपोआप उगवून तरंगत होते. पाणकणसातून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली. मान हलवत, ठेक्यात पाय टाकत आली आणि कचकन देठ तोडला. थोडा खाल्ला. बाकीचा टाकला. दुसरा तोडला. मनकर्णेच्या घशात "हाऽऽ" येऊन अडकला. पाखरानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं, जणू ही बाई नव्हेच, चिंचेचं मूळ आहे. मनकर्णेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं हे तिला कळलं नाही. पाखरू सुंदर होतं, मेलं. इतक्या जवळून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं.

पाठीमागं काठी टेकल्याचा आवाज आला आणि पाणकोंबडी पाणकणसात शिरली. गोपाळराव होते. एका वर्षात फार वाकले होते, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. दुसऱ्या हातात सरपंचांच्या घरून आणलेला पिपा.

"मनकर्णाबाई, एक सांगू?"

"सांगा ना मास्तर."

"पाखरं आत आहेत. गेल्या सालाइतकीच आहेत, जास्तच असतील. पण काठावरून उठत नाहीत. तुम्ही मधल्या पाण्यातून उठवली होती तशी एकदा उठवा. गार्ड डोंगा रेटेल."

मनकर्णा उठली नाही. "उठली तं काय होते जी?"

"उठली तर दिसतील. दिसली तर लिहिली जातील."

"अन् लिह्यली तं?"

गोपाळरावांनी काठीवर भार दिला. "तर तळं राखीव होईल. तुम्हाला माहीत आहे. आणि व्हावं असं मला वाटतं, खोटं बोलत नाही. पंधरा वर्षं मी या तळ्यावर येतोय. माझी ही शेवटची मोजणी, गुडघे आता साथ देत नाहीत. जाताना खरं तेवढं लिहून जावं, एवढीच इच्छा आहे."

"मंग माह्याच हातानं कराचं का ते?" तिचा आवाज चढला. "मास्तर, एकडाव केलं म्या. बिनडोक होती म्हणून केलं. माहा माणूस तिकडे राख खाऊन राहिला जी, रात्ररात्र खोकते. मले त्याले पाण्यावर आणाचं आहे. तुमाले पाखरं पायजे, मले तो पायजे."

तिला गोपाळरावांचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्या तळ्याचं एक पानही तोडलं नव्हतं. त्यांनी पिपा तिच्यासमोर ठेवला, दांडकं त्यावर आडवं ठेवलं. बहुधा हात भरून आला म्हणून. पण मनकर्णेच्या मांड्यांखालचे हात वळवळले. एकच ठोका, आणि सगळं आभाळ भरेल. गेल्या साली भरलं होतं तसं. तिला ते पुन्हा पाहायचं होतं. आई शपथ, पाहायचं होतं. वर्षभर विटांवर, राखेत, अंगणातल्या येरझारांत मधूनच तेच आभाळ तिच्या डोळ्यांपुढून गेलं होतं, आणि हे तिनं नत्थूजीलाही सांगितलं नव्हतं.

"आज कमी लिहिलं तर ते खोटं होईल," गोपाळराव हळूच म्हणाले.

"तुमाले दिसन तेवढं लिहा. खोटं कोठी आहे त्याच्यात?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मास्तर, हा पिपा उचला जी इथून. माहे हात माह्या ताब्यात नाहीत."

गोपाळरावांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या दाबून धरलेल्या हातांकडं पाहिलं. वाकून पिपा उचलला, गुडघा दुखला तसे कण्हले, आणि पाळीवरून निघून गेले. पिपा हातात असूनही त्यांनी तो वाजवला नाही. जाऊन रेंजरसाहेबांच्या शेजारी उभे राहिले आणि दिसलं तेवढंच सांगत गेले, एकही जास्त नाही.

मनकर्णा उन्हं कलेपर्यंत बसून होती. जीप गेली तेव्हा उठायला गेली तर पाय सुन्न झाले होते, आणि सकाळी हसलेल्या बायकांनीच तिला काखेत हात घालून उठवलं. त्यांपैकी कोणी हसली नाही.

तळं परत आलं. दिवाळीनंतर सरपंचांनी सांगावा धाडला, आणि मनकर्णेनं त्याच दिवशी नत्थूजीला एसटीत घातलं. पिपळतळ्याच्या पाळीवर उतरल्यावर तो कितीतरी वेळ नुसता श्वास घेत उभा राहिला. उन्हाळ्यात दोघांनी मिळून पाणकणीस कापलं. तो हळू, ती भरभर. मिरगाला वेल सोडले, नवरात्राला तोडणी लागली. दमा पुरता गेला नाही, पण रात्रीची झोप परत आली. मनकर्णा पुन्हा उकिडवी जेवू लागली, आणि पहाटेला पिपा वाजू लागला.

कोजागिरीनंतरचा रविवार आला. शनिवारीच तिनं शिंगाडे उकडून ठेवले होते, का ते तिला कोणी विचारलं नाही. नत्थूजीनं सवयीनं पिपा कोठीमागं ठेवला. शाळा बंद राहिली. जीप आली नाही, दुर्बिणी आल्या नाहीत. आता मंडळी दुसऱ्या तळ्यावर जातात, तिथं पाखरं जास्त निघतात, असं सरपंच म्हणाले. गोपाळरावांबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हतं.

रविवारी उजाडल्यावर मनकर्णेनं कोठीमागून पिपा काढला. नत्थूजी बांबू घेऊन मागून आला. मधल्या पाण्यात आल्यावर ती म्हणाली, "थांबवा अजी," आणि चारी बाजूंना पिपा वाजवला, त्या वर्षी वाजवला होता तसा. पाणकणसाच्या कडेतून, पानांतून, बाभळींखालून पाखरं उठली. ती दुसऱ्या कोपऱ्याकडं वळली नाही. तोंड वर करून उभी राहिली. अडया फेऱ्या घालत होत्या, शीळ घालत, वरून चक्रवाक. सगळी होती, तितकीच होती.

मनकर्णेनं पाळीकडं पाहिलं. चिंचेखाली कोणी नव्हतं.

"आता मोजा ना जी!" ती पाळीकडं तोंड करून ओरडली. "मास्तर, मोजा ना आता!"

"कोणाले म्हणतं वं?" नत्थूजीनं मागून विचारलं.

अडया एक फेरी घेऊन, दुसरी घेऊन खाली उतरल्या, तिच्याच वेलांवर. नत्थूजीनं बांबू पाण्यात तसाच धरून ठेवला, कारण मनकर्णा पिपा बाजूला ठेवून डोंग्यात खाली बसली होती.